खोट्या सालाचं पिवळं तिकीट

मित्रांनो, मी एक जुनं तिकीट आहे, आणि माझी गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून टाकतो, की मला माझी लाज वाटते. माझ्यासारखे इतर बोलायला उभे राहिले की आधी छाती फुगवतात. खुर्ची म्हणते मी सागवानाची, घड्याळ म्हणतं मी कधी मागे पडलो नाही. माझ्याकडे फुगवायला काही नाही. पण सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा ऐका.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एका मोठ्या थीम पार्कने आमची मागणी दिली होती. जाड, गुळगुळीत पुठ्ठा, तळहातात मावेल एवढा आकार. मोठ्यांची तिकिटं निळी आणि दहा वर्षांखालच्या मुलांची पिवळी. माझ्या एका कडेला पाच छोटी वर्तुळं छापली होती. रोज पार्कात शिरताना फाटकावरचा माणूस एक वर्तुळ चिमट्याने टोचणार, म्हणजे तो दिवस संपला. वरच्या कोपऱ्यात फोटोची चौकट, तिच्याखाली जन्मतारखेची रेघ. आणि मधोमध लाल अक्षरांत दोन शब्द होते: ‘मुदत नाही’.

त्या दोन शब्दांचा मला फार गर्व होता. गठ्ठ्यात माझ्या शेजारी साधी एका दिवसाची तिकिटं होती. ती बिचारी सकाळी विकली जायची आणि संध्याकाळी कचऱ्यात. मी त्यांच्याकडे कीव करून बघायचो. मनात म्हणायचो, मला कसली घाई? माझे पाच दिवस पाच वर्षांनी वापरा, नाहीतर पन्नास वर्षांनी. मी आहे तसाच राहीन.

एका सकाळी खिडकीसमोर तिघांचं कुटुंब येऊन उभं राहिलं. त्यांतल्या बाबांचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं छोटंसं दुकान होतं. भाजीवाले, किराणावाले, सोनार, रद्दीवाले, सगळे आपापले काटे त्यांच्याकडे आणत. त्यांच्या हातून गेलेला काटा गुंजभरही इकडेतिकडे व्हायचा नाही. ‘काटा नीट कर, पण आमच्या बाजूने जरा कर,’ असं कुणी हळूच म्हटलं, तर ते काटा तसाच उचलून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे आणि दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवायचे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला दिसला तो इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळाला आठ्या घातलेला एक माणूस. त्याच्या हातात एक पाकीट होतं आणि ओठांतल्या ओठांत आकडेमोड चालली होती.

शेजारी आई उभी होती. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या दोन्ही खांद्यांवर डब्यांच्या पिशव्या होत्या, कारण आत खायला मिळतं ते खिसा कापून मिळतं हे तिने आधीच चौकशी करून ठेवलं होतं. आणि दोघांच्या मध्ये त्यांची लेक होती. घरात तिला सगळे मिठू म्हणत. कारण विचारायची गरजच नव्हती. पोरीची बडबड एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

मिठू तीन आठवड्यांपूर्वी दहा वर्षांची झाली होती. हे तिने बसच्या चालकाला सांगितलं होतं, शेजारच्या सीटवरच्या बाईंना सांगितलं होतं आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोन अनोळखी काकांनाही सांगितलं होतं. ‘माझं वय आता दोन आकडी आहे,’ असं ती म्हणायची. दहा हा आकडा जणू तिनेच शोधून काढला होता.

आता बाबांचा हिशेब ऐका, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट सहाशेला, मुलांचं चारशेला. पाच दिवसांचं निळं तिकीट अठराशेला आणि पिवळं बाराशेला. त्यावर प्रत्येकी तीनशे जास्त भरले की ‘मुदत नाही’ छापलेलं. म्हणजे निळं एकवीसशेला, पिवळं पंधराशेला. बाबांनी घरी चार संध्याकाळी कागदावर हे मांडलं होतं. दोनच दिवस जायचं असेल, तर साधी तिकिटं स्वस्त. तीन दिवस गेलं तरी साधीच स्वस्त. पण चौथ्या दिवशी पाच दिवसांचं तिकीट फिटतं आणि पाचवा दिवस फुकटात पडतो.

“आत्ता दोन दिवस, मग पुढच्या वर्षी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी एक,” बाबा म्हणाले होते. “आणि दर तर वाढतच जाणार. आपण आजच्याच दरात आत.”

“जाणार असू तर,” आई म्हणाली होती.

“जाणार नाही म्हणजे? मुदत नाही त्याला!”

पाकिटात सहा हजार होते. दोन निळी, एक पिवळं, मिळून सत्तावन्नशे. वर तीनशे उरत होते, तेवढ्यात मिठूला काहीतरी घेता आलं असतं. गणित कसं चपखल बसलं होतं. फक्त एक गोष्ट त्या कागदावर नव्हती. पिवळं तिकीट दहा वर्षांखालच्या मुलांचं असतं, हे खिडकीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, आणि बाबांनी ती पाटी अगदी खिडकीशी पोचल्यावर वाचली.

मला तो क्षण अजून लख्ख आठवतो. मी गठ्ठ्यात सर्वांत वर होतो. खिडकीतल्या कारकुनाने मला उचललं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, “मुलीचं जन्मसाल?”

बाबा थांबले. तीन निळी घ्यायची तर त्रेसष्टशे होत होते आणि पाकिटात तेवढे नव्हते. खरं तर रस्ता सोपा होता. दोन दिवसांची साधी तिकिटं घ्यायची, छत्तीसशे द्यायचे आणि आत जायचं. पण चार संध्याकाळी मांडलेला हिशेब मोडायला त्यांचं मन धजेना. मागे रांग होती, कुणीतरी घसा खाकरत होतं. बाबांनी साल सांगितलं आणि ते एकाने चुकवून सांगितलं.

कारकुनाने वर पाहिलं. त्याला संशय वगैरे काही नव्हता. लहान मुलांशी बोलतात तसं त्याने सहज विचारलं, “किती वर्षांची ग तू?”

मिठूने तोंड उघडलं आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते खिडकीच्या चौकटीकडे बघत होते, पण त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि त्या हाताची बोटं किंचित आवळली.

“न... नऊ,” मिठू म्हणाली.

कारकुनाने माझ्या अंगावर ते खोटं साल लिहिलं. मित्रांनो, पुठ्ठ्याला बोलता येत नाही, नाहीतर मी तेव्हाच ओरडलो असतो, असं म्हणायचा मला फार मोह होतो. पण खरं सांगायचं ठरलं आहे ना? खरं हे, की मला तेव्हा आनंद झाला होता. आपण विकले गेलो, आपल्याला मालकीण मिळाली, फोटो लागला. खोटं माझ्या अंगावर वाळलं तेव्हा मी मिरवत होतो.

आई सगळं बघत होती. तिने एक पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि फाटकाकडे चालायला लागली. तिथल्या माणसाने तिन्ही तिकिटांची पहिली वर्तुळं टोचली आणि आम्ही आत गेलो.

आत काय नव्हतं! पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, आकाशाला भिडणारा पाळणा होता, उलटी होणारी होडी होती. पण मिठूला त्यांतलं काही नको होतं. गेले दोन महिने तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पार्कात एक लहानसा रस्ता होता. त्यावर खरे सिग्नल, वळणं, पांढरे पट्टे, एक चौक, आणि मुलांनी स्वतः चालवायच्या छोट्या मोटारी. एकही चूक न करता फेरी पूर्ण केली की फोटोसकट लायसन मिळायचं. पार्कच्या जाहिरातीच्या कागदावर ते छापलेलं होतं. मिठूने रस्त्यावरची सगळी चिन्हं पाठ केली होती. जेवताना ती आईला प्रश्न घालायची, “डावीकडे वळायचं तर आधी काय?” आणि आईचा घास तोंडाशी असतानाच स्वतःच उत्तर द्यायची.

आम्ही पोचलो तेव्हा दाराशी पिवळी टोपी घातलेली एक बाई होती. तिच्या मागे पाटी होती: ‘वय वर्षे दहा पूर्ण’. मिठूने पाटी वाचली. मी तिच्या मुठीत होतो, तिचा हात घामाने ओला झाल्याचं मला समजलं. बाईने मला मागितलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि हसली.

“नऊ ना? मग बाळा, पुढच्या वर्षी ये हं.”

“मला सगळी चिन्हं येतात,” मिठू म्हणाली.

“शहाणी आहेस. पण नियम आहे ना, मी काय करू?”

मिठूने वळून बाबांकडे पाहिलं. मित्रांनो, या जागी एक वाक्य पुरलं असतं. ‘अहो, ती दहा वर्षांची आहे, चूक माझी आहे.’ फार तर काय झालं असतं? त्यांना परत खिडकीवर पाठवलं असतं, फरक मागितला असता, चार माणसांनी मान वळवून पाहिलं असतं. बाबांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

“जाऊ दे ग,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी नक्की. तिकिटाला कुठे मुदत आहे?”

मिठूने मान डोलावली. रडली वगैरे नाही. कुंपणाबाहेर उभं राहून तिने एका मुलाची पूर्ण फेरी बघितली. तो मुलगा लाल सिग्नल तोडून गेला तेव्हाही ती काही बोलली नाही. एरवी तिने आख्खा पार्क डोक्यावर घेतला असता.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसाने माझं दुसरं वर्तुळ टोचताना तिला गमतीने विचारलं, “काय मॅडम, कितवीत?” मिठू आईच्या मागे लपली. त्या दिवशी ती घसरगुंड्यांवर गेली, पाळण्यात बसली, सगळं केलं. मोटारींच्या रस्त्याकडे मात्र फिरकली नाही. परतताना बसथांब्यावर मिठू बाकावर पेंगत असताना आई हळू आवाजात म्हणाली, “सहाशेसाठी हे केलंत?”

“आता झालं ते झालं.”

“झालं कसं? तिला सांगा, आपलं चुकलं म्हणून. एवढंच सांगा.”

“लहान आहे ती. विसरून जाईल.”

मोठी माणसं हे वाक्य किती सहज बोलतात! मी तिच्या दप्तराच्या खणात होतो. ती पेंगत होती की डोळे मिटून पडली होती, हे मलाही सांगता यायचं नाही.

घरी आल्यावर आम्हा तिघांना एका पारदर्शक पाकिटात घालून दुकानातल्या खणात ठेवलं गेलं. खणात बारीक स्क्रू, चिमटे आणि पितळेची चिमुकली वजनं होती. दोन निळ्यांच्या मध्ये मी. निळी तिकिटं मोठ्या माणसांची, त्यांचा सगळा व्यवहार चोख. ती मला कधी काही बोलली नाहीत, पण न बोलणंही टोचतंच.

वर्ष सरलं. सुट्टी लागली तशी बाबांनी पाकीट बाहेर काढलं. “काय मिठू, जायचं ना? आता तर मोटार चालवायला मिळेल.”

मिठू वहीला कव्हर घालत होती. “मला नको,” ती वर न बघता म्हणाली. “मला शाळेचं खूप आहे.”

“बरं, बरं. पुढच्या वर्षी. मुदत नाही,” बाबा म्हणाले आणि लगेच खण लावला. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला सुटकेचा भाव मी खण मिटता मिटता पाहिला. पुन्हा त्या खिडकीसमोर, त्या फाटकासमोर लेकीला घेऊन उभं राहायचं त्यांच्याच जिवावर आलं होतं. तिने नको म्हटलं म्हणजे सुटलोच की! त्या दिवशी मला माझ्या लाल अक्षरांचा पहिल्यांदा राग आला. माझ्यावर एखादी तारीख असती, तर त्या माणसाला कधी ना कधी पाऊल उचलावंच लागलं असतं. मी त्याला पळवाट दिली होती, आणि तीही कायमची.

पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. मिठूची बडबड कमी झाली. मुली मोठ्या होताना गप्प होतात, असं शेजारणी म्हणायच्या. असतीलही होत. बाबा मात्र दुकानात पार्काचा विषय निघाला की खुलायचे. “एका दिवसाचे आता नऊशे झालेत, वाचलंत का पेपरात? आमची घेतलेलीच आहेत, जुन्या दरात!” काही वर्षांनी म्हणायचे, “चौदाशे!” पुढे म्हणायला लागले, “दोन हजार!”

एकदा एक भाजीवाली मावशी काटा घ्यायला आली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग कधी निघालात?”

बाबा काटा पुसत राहिले.

“नाही, म्हणजे घरात बसून लईच वाचवलंत म्हणून विचारलं,” मावशी म्हणाली आणि काटा डोक्यावर घेऊन चालती झाली. मला वाटलं, आपला पुठ्ठा दुमडून आत तोंड लपवता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवसांच्या मजेसाठी या घराने साध्या तिकिटांपेक्षा एकवीसशे जास्त मोजले होते, आणि त्या बचतीसाठी पोरीला एक खोटं बोलायला लावलं होतं. हीच का माझी स्वस्ताई?

अशी सतरा वर्षं गेली. मिठू शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे व्यायामाने मोकळे करण्याचं काम ती करते. बाबांचे केस पिकले, आईचे गुडघे धरले. आईच्या गुडघ्यांचे व्यायाम मिठू फोनवरून करून घ्यायची आणि आई इकडून ‘हो हो, केले’ म्हणून थापा मारायची.

मग एके दिवशी पेपरात सूचना आली. पार्कने कागदी तिकिटं बंद करायची ठरवली होती. ज्यांच्याकडे मुदत नसलेली जुनी तिकिटं होती, त्यांनी महिनाअखेरपर्यंत येऊन ती नव्या कार्डांवर बदलून घ्यायची. मुलांच्या तिकिटांसाठी जन्मदाखला आणायचा. माझं नशीब बघा, मुदत नसलेल्याला शेवटी मुदत आली.

बाबांनी सूचना तीनदा वाचली. दुपारी दुकान अर्धं लावून ते आत आले, खण उघडला आणि मला एकट्याला बाहेर काढलं. भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्याकडे केसाएवढ्या रेघा खरवडायची पाती होती. त्यांतलं एक त्यांनी उचललं आणि माझ्या सालाच्या शेवटच्या आकड्यावर टेकवलं. एक आकडा खरवडायचा, त्या जागी दुसरा काढायचा, की साल दाखल्याशी जुळलं. त्यांच्यासारख्या कारागिराला हा डाव्या हातचा मळ होता.

पात्याचं टोक माझ्यात रुतलं. इवलासा ओरखडा उमटला. आणि त्यांचा हात थांबला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाच्या वजनाला खोटा हात लावला नाही, तो एका पिवळ्या पुठ्ठ्यावर पातं टेकवून बसला होता. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मित्रांनो, त्यांनी तोंड झाकलं होतं, तेवढंच बरं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मला फेकून देता आलं असतं. दोन निळी तिकिटं बदलून आणायची, पिवळं हरवलं म्हणायचं, काम फत्ते. त्यांनी तसं केलं नाही. मिठू रजेवर घरी आली तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर पार्कला चल. तिकिटं बदलायची आहेत.”

“बाबा, कशाला? आता कोण जाणार तिथे? माझं राहू द्या. आईचं आणि तुमचं बदलून आणा.”

“तुझंच बदलायचं आहे,” बाबा म्हणाले.

आई भाजी निवडत होती. ती उठली, गुडघ्यांना हात लावत आत गेली आणि कपाटातून मिठूचा जन्मदाखला आणून बाबांसमोर ठेवला. “मला काही तेवढं चालवणार नाही. तुम्ही दोघं जाऊन या,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नव्हता, पण विसरलीही नव्हती.

खिडकी तीच होती, आत संगणक आला होता. काचेमागे बसलेली मुलगी मिठूहूनही लहान असेल. तिने निळी तिकिटं भराभर बघितली, मग मला हातात घेतलं, दाखला घेतला, आणि तिची नजर माझ्यावरून दाखल्यावर, दाखल्यावरून माझ्यावर गेली.

“काका, दोन्हीकडचं साल जुळत नाही.”

“जुळणार नाही,” बाबा म्हणाले.

“अच्छा, लिहिताना चूक झाली असेल. खूप येतात अशी. मी तसं टाकून देते, काही प्रॉब्लेम नाही.”

बघा मित्रांनो, सतरा वर्षांनी पुन्हा एक पळवाट समोर आली होती, तीही गोड आवाजात. मी श्वास रोखला, म्हणजे पुठ्ठ्याला रोखता येतो तेवढा.

“चूक नाही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला की रांगेतली माणसं गप्प झाली. “मी खोटं सांगितलं होतं. ही तेव्हा दहा वर्षांची झाली होती. मोठ्यांचं तिकीट घ्यायला पाहिजे होतं. मी पैसे वाचवले. फरक किती होतो तो घ्या.”

मुलगी जरा गोंधळली. तिने आतल्या साहेबांना विचारलं, परत आली. “त्या वर्षीच्या दराने सहाशे, काका. तेवढे भरा, झालं.”

“एवढंच?”

“एवढंच. उलट फायद्यात आहात तुम्ही. आज एका दिवसाचे चोवीसशे आहेत आणि तुमचे तिघांचे मिळून नऊ दिवस शिल्लक!” ती कौतुकाने म्हणाली.

बाबांनी सहाशे मोजून ठेवले. सतरा वर्षं जे ओझं उचललं, ते उतरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या फायद्याकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कार्ड छापणारं यंत्र आत घरघरत होतं. मी काचेच्या अलीकडे, दोघांच्या मध्ये पडलो होतो.

“तुम्हाला आठवतंय ते?” मिठूने विचारलं.

“रोज.”

मिठूने माझ्यावरच्या फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात.”

“तुझ्यावर? तुझ्यावर कशाला?”

“मी अडखळले ना. ‘न... नऊ’ असं म्हणाले. मला वाटलं, माझ्यामुळे त्यांना संशय आला, म्हणून त्या मोटारवाल्या बाईंनी मला परत पाठवलं. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, मी सगळं बिघडवलंय. तुम्ही नंतर दरवर्षी विचारायचात ना, जायचं का म्हणून? मी नको म्हणायचे. परत कुणी वय विचारलं आणि मी परत अडखळले तर? तुमचे एवढे पैसे माझ्यामुळे वाया गेले, असंच मी धरून चालले होते, बाबा. खूप मोठी होईपर्यंत.”

बाबांनी खिडकीची कड घट्ट धरली. मला वाटत होतं, लाज ही माझी आणि त्यांची, आमच्या दोघांची आहे. आणि इथे त्या पोरीने आमच्या वाटची लाज सतरा वर्षं एकटीने वाहिली होती.

“मिठू,” ते म्हणाले आणि थांबले. मग एकेक शब्द जपून ठेवावा तसे बोलले, “तू दहा वर्षांची होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं. काहीच नाही. माझं चुकलं.”

मिठूने मान खाली घातली आणि रांगेसमोर, त्या कारकून मुलीसमोर ढसाढसा रडली. बाबांचा हात तिच्या खांद्याकडे गेला, मग न टेकताच मागे आला. तिनेच तो ओढून घेतला.

“काका, कार्डं तयार आहेत,” काचेमागची मुलगी हळूच म्हणाली. “हे जुनं आठवण म्हणून हवंय का?”

“नको,” दोघं एकदमच म्हणाली.

ते त्या दिवशी आत गेले नाहीत. मिठूला पाचच्या बसने परत जायचं होतं. मी आता रद्द तिकिटांच्या खोक्यात आहे. आज ना उद्या आमचे तुकडे होतील आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा गर्व कधीच उतरला आहे. माझ्यामुळे कुणाचा पैसा वाचला नाही आणि जे वाया गेलं ते पैशात मोजता येणारं नव्हतं. हिशेब नीट करा, मुदत नसलेली वस्तू घ्यायची तर केव्हा वापरणार ते आधी ठरवा, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकतो, पण ते तुमचे आईबाबाही सांगतील.

मला दुसरंच सांगायचं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला कधी एखाद्या मोठ्या माणसाने खिडकीसमोर, फोनवर, दारात आलेल्या पाहुण्यासमोर काही खोटं बोलायला लावलं असेल. तुम्ही ते बोलला असाल, कदाचित अडखळला असाल, आणि तेव्हापासून पोटात काहीतरी डाचत असेल. ते तुमचं नाही. ज्याचं आहे त्याला परत देऊन टाका. हे मिठूला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. मी तिच्या मुठीतच होतो, पण त्या वेळी मी मिरवण्यात दंग होतो. म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे.